तारीख कोणती?

(इंदापूर येथील युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन. आधी बारामतीच्या बैठकीत याच विषयावर थोडं बोललो होतो. तिथे आलेले प्रश्न यात घेतले आहेत.)



आधीच सांगतो, मी वकील नाही. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि शुक्रवारी रात्री एसटीने इंदापूरला येतो. मग कायद्याच्या विषयावर मला का उभं केलं? कारण या विषयात मी एकदा सपशेल नापास झालोय, आणि त्या नापास होण्याची किंमत माझ्या मामूंनी मोजली. ते आज मागच्या रांगेत बसलेत, त्यामुळे मला फार तिखटमीठ लावता येणार नाही.

बारामतीच्या बैठकीत एका मुलाने विचारलं होतं, "दादा, सरकारी काम चुकीच्या माणसाला दिलं तर हायकोर्टात जायची मुदत किती?" मी म्हणालो, "ठरलेली मुदतच नाही." तो खूश झाला. "मग बरंय," म्हणाला. घरी येताना मला वाटलं, अरे, मी याला बरोबर उत्तर देऊन खड्ड्यात ढकललं. आजचं बोलणं म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

मामूंची गोष्ट आधी. चार-पाच वर्षांपूर्वीची. मामू नोंदणीकृत ठेकेदार, लहान कामं करणारे. पाइपलाइन, टाकी, कधी शाळेचं कुंपण. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका स्थानिक संस्थेने पाण्याची टाकी आणि वितरणाच्या पाइपलाइनची निविदा काढली. संस्थेचं नाव सांगणार नाही, आता त्याचा उपयोगही नाही. मामूंना संगणकाची कटकट नको असते, म्हणून महाटेंडर्सवर त्यांची सगळी भरणा मीच करायचो. डिजिटल सहीचं टोकन माझ्या ड्रॉवरमध्ये, पोर्टलला नोंदलेला ईमेल माझा, बयाणा रक्कम भरायची आठवणही माझीच.

निविदा दोन लिफाफ्यांची. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा उघडला आणि मामू तिथेच बाद. अनुभवाचा दाखला कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा हवा होता, आमच्याकडे उपअभियंत्याचा होता. आता यात अन्याय काय? काहीच नाही. अट होती, आम्ही पुरी केली नाही. मामू घरी येऊन म्हणाले, "अपना नाम देख के निकाला होगा." मी म्हणालो, मामू, नाव बघायची गरजच पडली नाही, दाखलाच चुकला. आपल्याकडे हे दोन्ही बाजूंनी होतं. कधी खरोखर नाव बघून होतं आणि आपण म्हणतो नशीब. कधी कागद चुकलेला असतो आणि आपण म्हणतो नाव. कागद मागवून बघितल्याशिवाय यातलं काय खरं ते कळत नाही.

मग कागद मागवले. माहिती अधिकारात. उत्तर आलं तेव्हा दिसलं की ज्यांना काम मिळालं त्यांचा दाखला तर सरकारी अभियंत्याचा नव्हताच, एका खाजगी कंपनीच्या व्यवस्थापकाचा होता. म्हणजे तीच अट, आम्हाला लावली आणि त्यांना माफ केली. ही मात्र हरकतीची गोष्ट होती, आणि कायद्यात तिला भक्कम आधार होता. तो आधार किती भक्कम आणि तरी किती कुचकामी, तेच सांगतो.

१९७७ सालची गोष्ट आहे, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाची. ३ जानेवारीला विमानतळ प्राधिकरणाने दुसऱ्या दर्जाचं एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवल्या. अट होती, निविदा भरणारा दुसऱ्या दर्जाचा नोंदणीकृत हॉटेलवाला असावा आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव असावा. काम ज्यांना मिळालं त्यांचा अनुभव होता कंपन्यांची कॅन्टीन चालवण्याचा. यावर रमणा दयाराम शेट्टी नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. त्यांनी स्वतः निविदा भरलीच नव्हती. त्यांचं म्हणणं असं की ही अट शिथिल होणार हे आधी कळलं असतं तर मीही भरली असती.

हायकोर्टात हरले. सुप्रीम कोर्टात गेले. ४ मे १९७९ ला न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, आणि तो निकाल आजही प्रत्येक लॉ कॉलेजात शिकवतात. कोर्ट म्हणालं, सरकार म्हणजे खाजगी मालक नव्हे. स्वतः जाहीर केलेली कसोटी सरकारला स्वतःलाही पाळावी लागेल, एकाला लावली आणि दुसऱ्याला सोडली तर ती मनमानी, आणि मनमानी राज्यघटनेच्या कलम १४ ला चालत नाही. प्राधिकरणाने अट मोडली, असंच कोर्टाने ठरवलं.

आणि अपील फेटाळलं.

हा भाग कॉलेजात एका वाक्यात उरकतात. निविदा एप्रिलमध्ये मंजूर झाली आणि याचिका दाखल झाली नोव्हेंबरात. पाच महिन्यांहून जास्त काळ गेला. तेवढ्यात ठेका मिळालेल्याने सव्वा लाख रुपये खर्च करून मांडामांड केली होती, स्नॅक बार चालूही झाले होते. याचिकाकर्त्याला स्वतःला या कामात खरा रस नाही, त्याला दुसऱ्याच कुणी पुढे केलंय, असंही कोर्टाला दिसलं. त्यामुळे आता हे उलटवणं योग्य नाही. तत्त्व जिंकलं, माणूस हरला. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ठेक्यांच्या किती भांडणांत हा निकाल वापरला गेला असेल, त्याला गणती नाही. पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्याला त्यातून काही मिळालं नाही.

आता बारामतीच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. दिवाणी दाव्याला मुदत कायद्याने १९६३ सालीच आखून दिलीय, बहुतेक दाव्यांना तीन वर्षं. राज्य सरकारवर दावा टाकायचा तर त्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, फार तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन ती टाळता येते. पण ठेक्याचं भांडण बहुतेक वेळा दिवाणी कोर्टात जात नाही, ते जातं हायकोर्टात, घटनेच्या कलम २२६ खाली. आणि तिथे मुदत लिहिलेली नाही. न्यायाधीश एवढंच बघतात, हा माणूस वेळेत आला का? तो झोपला होता तेव्हा दरम्यान काय काय घडलं? कोणी पैसे गुंतवले का? काम किती पुढे गेलं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच समजतं. सहकाऱ्याने चुकीचा कोड मर्ज केला आणि तू त्याच संध्याकाळी ओरडलास, तर दोन मिनिटांत रिव्हर्ट होतो. तीन महिन्यांनी ओरडलास तर त्यावर पन्नास जणांचे कमिट चढलेले असतात. तुझं म्हणणं बरोबर असूनही टीम लीड म्हणतो, आता राहू दे, पुढच्या रिलीजला बघू. मर्ज करताना चूक होती हे तोही मान्य करतो. प्रश्न चुकीचा उरत नाही, वर चढलेल्या थरांचा उरतो. ठेक्यात ते थर सिमेंटचे असतात, एवढाच फरक.

तर आमच्या तारखा बघा. पहिला लिफाफा नाकारल्याचा ईमेल पोर्टलने मला पाठवला, त्याच दिवशी. तो मी उघडला एकोणीस दिवसांनी. ऑफिसात मोठं रिलीज होतं, पोर्टलचे ईमेल एका फोल्डरमध्ये आपोआप जायचे, आणि तो फोल्डर मी बघत नव्हतो. फिल्टर मीच लावला होता. हे मामूंना मी कितीतरी दिवस सांगितलं नाही. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, त्याला तीस दिवस. मग मामूंनी पत्रं लिहायला घेतली. एक साहेबांना, एक त्यांच्या वरच्या साहेबांना, एक आणखी वर. प्रत्येक पत्रानंतर महिना-दीड महिना वाट बघायची. साहेब भेटले की चहा द्यायचे, म्हणायचे, "बघू, तुमचं म्हणणं नोंदवलंय, पुढच्या वेळी नक्की." मामू खूश होऊन यायचे. मीही समजायचो, काहीतरी चाललंय.

मुंबईत एका वकिलांकडे आम्ही गेलो तेव्हा सातवा महिना उजाडला होता. मी जाडजूड फाइल नेली होती, रंगीत टॅब लावून. त्यांनी फाइल उघडलीच नाही. पहिला प्रश्न विचारला, "कार्यारंभ आदेशाची तारीख कोणती?" मी सांगितली. दुसरा प्रश्न, "काम किती झालंय?" मामूंनी खरं सांगितलं. टाकीचा स्लॅब पडला होता, पाइप बहुतेक पुरले होते. वकील म्हणाले, "मग मी न्यायाधीशांना काय सांगू? या लोकांचं पाणी थांबवा, माझ्या अशिलाच्या दाखल्याचा प्रश्न आहे म्हणून?"

मी म्हणालो, आम्ही पत्रं दिली होती ना, तीन पत्रं, पोच आहे. तर त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही लक्षात ठेवा. कायद्यात ज्याची तरतूद नाही असे अर्ज-विनंत्या कितीही वेळा केल्या तरी घड्याळ थांबत नाही. सुप्रीम कोर्टाने एस. एस. राठोड यांच्या खटल्यात १९८९ सालीच हे सांगितलंय. तो खटला नोकरीचा होता, पण तत्त्व सगळीकडे लावतात. म्हणजे ज्या साहेबांनी आम्हाला चहा दिला, त्यांनी मुद्दाम केलं की सहज, माहीत नाही, पण प्रत्येक चहागणिक आमचा एक महिना गेला.

परत येताना मामू एसटीत खिडकीशी बसले होते. पाटस सोडलं तरी बोलले नाहीत. मग म्हणाले, "छोड बेटा. पानी तो आने दे गाँव में." त्यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही. पाणी आलंच पाहिजे होतं. काम चुकीच्या पद्धतीने दिलं म्हणून गावाने घागर घेऊन उभं राहावं, असं मीही म्हणणार नाही. कोर्टंही म्हणत नाहीत. १९९८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या एका ठेक्याच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने बजावलं की काम रखडलं तर भुर्दंड जनतेला बसतो, म्हणून ज्याने स्थगिती मिळवली तो शेवटी हरला तर त्याने तो भार उचलायची तयारी ठेवावी. २०१८ साली तर विशिष्ट अनुतोष कायद्यातच कलम ४१ ला नवं पोटकलम जोडलं. रस्ते, वीज, पाणी, दवाखाने, शाळा अशा पायाभूत कामांना अडथळा येईल असा मनाई हुकूम दिवाणी कोर्टाने द्यायचा नाही. आणि मार्च २०२२ मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच सूत्र पुढे नेलं. ठेका देताना चूक झाली असं दिसलं तरी शक्यतो काम थांबवू नका, नुकसानभरपाईचा मार्ग दाखवा.

ऐकायला हे शहाणपणाचं आहे. पण त्याचा अर्थ समजून घ्या. काम सुरू झाल्यानंतर तुमच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. नुकसानभरपाईचा दावा वर्षानुवर्षं चालतो, लहान ठेकेदार तोवर दुसऱ्या धंद्यात गेलेला असतो. आणि ठेका देणं आणि काम सुरू होणं यांत अंतर किती? आपल्याकडे कधीकधी एका आठवड्याचंही नसतं. कार्यारंभ आदेश आज निघतो, उद्या जेसीबी उभा असतो, परवा नारळ फुटून फोटो छापून येतो. त्या नारळाची घाई कशासाठी असते, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

बाहेर याचं उत्तर कसं शोधलंय ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या कामाचं आहे. युरोपात ठेका कुणाला द्यायचा हे ठरल्यावर हरलेल्या सगळ्यांना कारणासकट कळवतात, आणि त्यानंतर किमान दहा दिवस करारावर सही करायला बंदी असते. हे दहा दिवस हरकतीसाठी राखलेले. अमेरिकेत हरकतीचं कारण कळल्यापासून दहा दिवसांत तक्रार करायची असते, वेळेत केली तर काम आपोआप थांबतं, आणि निकाल शंभर दिवसांत लागतो. ब्रिटनमध्ये आधी तीन महिन्यांची मुदत होती, शिवाय "तत्परतेने" अशी एक पुस्ती. २०१० साली युरोपच्या न्यायालयाने ती पुस्ती रद्द ठरवली. कारण असं की तत्परता म्हणजे किती दिवस हे न्यायाधीशाच्या मर्जीवर राहतं, माणसाला आधी कळत नाही, आणि जी मुदत आधी कळत नाही ती मुदतच नव्हे. शिवाय, घड्याळ सुरू होतं ते काय चुकलं हे कळलं तेव्हापासून किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून. पुढे ब्रिटनने मुदत तीस दिवसांवर आणली.

आता आपल्याकडे बघा. तत्परतेने या, किती ते सांगणार नाही. आपली हायकोर्टातली स्थिती हीच आहे. बारामतीच्या मुलाला जी मोकळीक वाटली ती इथे सापळा होते. ठेकेदार म्हणतो मुदत नाही, सावकाश बघू. आणि कोर्ट म्हणतं, फार सावकाश आलात.

देशात सगळीकडे असं नाही. तमिळनाडूने १९९८ साली निविदा पारदर्शकतेचा कायदा केला, त्यात दहा दिवसांत अपील करता येतं. राजस्थानच्या २०१२ च्या कायद्यातही दहा दिवस. आणि कर्नाटकच्या १९९९ च्या कायद्यात कलम १६ खाली तीस दिवस. इथून सोलापूर ओलांडून विजयपूरला गेलात की तिथल्या लहान ठेकेदाराला कायद्याने सांगितलेलं असतं, इतक्या दिवसांत, या अधिकाऱ्याकडे जा. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, शासन निर्णयांवर चालतं. १ डिसेंबर २०१६ ची खरेदीची नियमपुस्तिका आहे, खात्याखात्यांचे वेगळे निर्णय आहेत. केंद्रात २०१२ साली सार्वजनिक खरेदीचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते लोकसभेची मुदत संपताच बाद झालं.

एक विषयांतर करतो. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने याच १९९९ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं, सरकारी कामांत मागासवर्गीयांच्या २-ब या गटाला, म्हणजे मुसलमानांना, ४ टक्के राखीव ठेवण्याचं. राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे धाडलं. टीव्हीवर काय रणकंदन झालं ते तुम्ही पाहिलंच. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही चार टक्क्यांच्या बाजूने आणि विरोधात शेकडो मेसेज. मी विचारलं, याच कायद्यात कलम १६ आहे, अपिलाचं, ते आपल्याकडे का नाही? एकानेही उत्तर दिलं नाही, एकाने गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. टक्क्यांचं भांडण महत्त्वाचं नाही असं माझं म्हणणं नाही. पण कुणाचंही आडनाव न विचारता प्रत्येक लहान माणसाच्या उपयोगी पडेल अशी मागणी पडून आहे, आणि ती लावून धरायला कोणाची परवानगी लागत नाही.

माझं स्वतःचं मत असं की आपल्याकडे मुदत असावी आणि ती लहानच असावी. दहा दिवस, फार तर पंधरा. काही मित्रांना हे पटत नाही, गरिबाला वेळ जास्त हवा असं ते म्हणतात. मला वाटतं गरिबाला कारण लवकर हवं आणि तेवढे दिवस जेसीबी थांबलेला हवा. नाकारल्याचं कारण आणि जिंकलेल्याची कागदपत्रं त्याच दिवशी पोर्टलवर टाका, मग दहा दिवस पुरे आहेत. आज उलटं आहे. लहान कामाची निविदा निघून उघडेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात आणि माहिती अधिकाराचं उत्तर यायला तीस. प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत परीक्षा होऊन गेलेली असते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काय करायचं ते सांगतो. यात मला आता थोडी गती आहे.

महाटेंडर्सवर कुठलीही निविदा उघडा, लॉगिन लागत नाही. त्यात एक चौकट असते, महत्त्वाच्या तारखांची. प्रसिद्धी कधी, शंका विचारायची मुदत कधीपासून कधीपर्यंत, भरायची शेवटची वेळ, उघडायची तारीख. बहुतेक जण फक्त शेवटची वेळ बघतात. पण अटीवर हरकत असेल तर ती शंकांच्या मुदतीत किंवा निविदापूर्व बैठकीत, लेखी, घ्यावी लागते. अट वाचली, गुमान निविदा भरली, हरलो, आणि मग अटच अन्यायाची होती म्हणालो, तर कोर्ट ऐकत नाही. अमुक क्षमतेचा अमुकच कंपनीचा प्लांट हवा अशी अट दिसली की त्याच आठवड्यात बोला. आणि बोलताना हेही ध्यानात ठेवा की अटीचा अर्थ लावताना कोर्ट सहसा निविदा काढणाऱ्याचं ऐकतं. नागपूर मेट्रोच्या प्रकरणात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, ज्याने कागद लिहिला त्यालाच त्याचा अर्थ जास्त कळतो. तेव्हा अट संदिग्ध असेल तर अर्थ आधीच विचारून घ्या, लेखी उत्तर मागा.

बैठकीत एका मुलीने विचारलं होतं, "आम्ही ठेकेदार नाही, आम्ही वॉर्डात राहतो. आमच्या गल्लीचं गटार तीन वर्षांत दोनदा झालं. आम्ही काय करायचं?" चांगला प्रश्न होता, आणि तेव्हा माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं. आता पुरं करतो. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांत. पण तीस दिवस वाट बघत बसू नका. सामान्य प्रशासन विभागाचं नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे. जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत, पालिकांमध्ये, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. तुमच्यापैकी किती जण कधी गेलेत? एकही हात नाही. बारामतीतही नव्हता. ठीक. पुढच्या सोमवारी चौघं मिळून जा, परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा, कारण समोरच्यालाही ते माहीत असेलच असं नाही. अंदाजपत्रक बघा, आधीच्या कामाचं मोजमाप पुस्तक बघा.

आणि पालिकेचा ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार त्यांना आहे. अर्ज द्या, पण मघाची गोष्ट विसरू नका. अर्ज दिला म्हणजे कोर्टाचं घड्याळ थांबलं असं समजू नका. अर्जात लिहा, सात दिवसांत कळवा, नाहीतर आम्ही कोर्टात जाऊ. आणि मग खरंच जा, किंवा जाणार नाही असं स्वतःशी ठरवून टाका. मधल्या अवस्थेत माणूस फार वर्षं राहतो.

जायचं तर मुंबईलाच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूरवाले तिकडे जातात. भीमेपलीकडच्या माणसाला कोल्हापूर, आपल्याला मुंबई, कारण आपण पुणे जिल्हा. पण खर्चाचा बाऊ करू नका, पहिला सल्ला घ्यायला मुंबई लागत नाही. तालुक्यातल्या ओळखीच्या वकिलाला पहिल्याच आठवड्यात कागद दाखवा. कोर्टही निर्णय बरोबर होता का हे तपासत नाही, निर्णय घ्यायची रीत बरोबर होती का एवढंच बघतं. टाटा सेल्युलरच्या १९९४ च्या निकालापासून हेच चालत आलंय. तुमचे दर कमी होते, तुम्ही काम चांगलं केलं असतं, यावर तिथे वेळ घालवू नका. एकाला अट लावली आणि दुसऱ्याला सोडली, एवढा एक कागद दाखवता आला तर बोला.

एक भीती राहते, तीही बोलून टाकतो, कारण बैठक संपल्यावर दोघा-तिघांनी बाजूला घेऊन तेच विचारलं. हरकत घेतली तर पुढचं काम मिळेल का? आणि आपल्या नावाने हरकत घेतली तर त्याला भलताच रंग लागेल का? मी खोटा धीर देणार नाही. पहिली भीती प्रत्येक लहान ठेकेदाराला असते, मराठ्याला असते, धनगराला असते, आपल्यालाही आहे. दुसरी फक्त आपली आहे. मला त्यावर एकच गोष्ट उपयोगी पडलेली दिसली. हरकत लवकर घेतली की ती कागदाची हरकत राहते. पहिल्या आठवड्यात तुम्ही लिहिता, "अट क्रमांक अमुक, दाखला तमुक", आणि त्याचं उत्तर कारकुनाला द्यावं लागतं. सातव्या महिन्यात त्याच हरकतीसाठी गावाचं पाणी अडवावं लागतं, आणि मग प्रत्येक जण विचारतो की अडवणारा कोण.

मामू गेल्या पावसाळ्यात पुन्हा एका निविदेत पहिल्या लिफाफ्यात बाद झाले. मी आता तो फिल्टर काढलाय, पोर्टलचा ईमेल आला की फोन किंचाळतो, बायको वैतागते. दुपारी ईमेल आला, संध्याकाळी आम्ही पोर्टलवर इतरांचे कागद बघितले, दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी हरकत आवक क्रमांकासह कार्यालयात. चौथ्या दिवशी उत्तर आलं. आमचा दाखला खरोखरच कमी पडत होता, बाकी सगळ्यांचे बरोबर होते. मामूंनी ते उत्तर दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात जाऊन कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा दाखला काढून आणला.

आता प्रश्न घेऊ. पाइप आणि मोजमापाचे प्रश्न मामूंना विचारा, तारखांचे मला. माईक तिकडे मागे द्या, त्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.